बृहदांत्राचा व्रणशोथ : ओळख व लक्षणे

(मंडळाच्या सानपाडा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात आरोग्यविषयक एक व्याख्यान ठेवण्याचा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे विषय मागील वर्षांत होऊन गेले. हे रोग एका अर्थी प्रतिष्ठित होत. त्यांविषयी चारचौघांत बोलता येते. काहींना तर आपला रक्तदाब किती, हे सांगण्यात थोडी धन्यताही वाटते. आज आम्ही निवडलेला विषय तसा नाही. त्याचा संबंध शौचकूपाशी येतो, आणि शौचकूपातील गोष्ट तेथेच ठेवावी असा आपल्या घरांतील दंडक आहे. हा दंडक एरवी चांगलाच. परंतु या एका रोगापुरता तो घातक ठरतो, आणि म्हणूनच भोजनापूर्वीच्या सभेत हा विषय काढण्याचे धाडस आम्ही करीत आहो. भगिनीवर्गाने क्षमा करावी.

रोगाचे वैद्यकीय नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मराठीत त्यास व्रणयुक्त बृहदांत्रशोथ म्हणतात. बृहदांत्र म्हणजे मोठे आतडे. सुमारे दीड मीटर लांबीची ही नळी पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सुरू होते, वर चढते, आडवी जाते, डावीकडून खाली उतरते आणि गुदाशयात येऊन संपते. अन्नाचे पचन बहुतांशी लहान आतड्यातच होऊन गेलेले असते; मोठ्या आतड्याकडे पाणी शोषून घेण्याचे व मळ साठविण्याचे काम उरते. या नळीच्या आतील नाजूक अस्तराला सूज येते, ते लाल होते, स्पर्शासरशी त्यातून रक्त येऊ लागते आणि पुढे त्यावर बारीक व्रण पडतात. हा दाह प्रायः गुदाशयात आरंभ पावतो आणि तेथून सलग वर चढतो. कोणाच्या बाबतीत तो गुदाशयापुरताच राहतो, कोणाच्या डाव्या भागापर्यंत जातो, तर कोणाचे सबंध मोठे आतडे व्यापतो. ओल्या भिंतीत पाणी खालून वर चढते, तसाच हा प्रकार.

आता एका तरुणाची हकीकत सांगतो. तो आपल्या परिचितांपैकी आहे. अधिक ओळख देण्याचे कारण नाही. वय २६, बिऱ्हाड येथील नव्या वसाहतीत, नोकरी फोर्टातील कचेरीत. प्रारंभी त्यास शौचाबरोबर थोडे रक्त दिसले. मूळव्याध असावी असे त्याने स्वतःच ठरविले आणि कोणा स्नेह्याने सांगितलेले चूर्ण सुरू केले. मग आव पडू लागली. मग दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागू लागले. आणि कळ आली की ती थांबवून धरता येईना. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत हार्बरच्या गाडीने पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो, आणि आपल्या लोकल गाड्यांत शौचालय नाही. या एका गोष्टीने त्या मुलाचे सारे आयुष्य बदलून टाकले. तो घरून दीड तास आधी निघे, वाटेत दोनदा गाडी सोडून उतरे, कोणत्या स्थानकावर शौचालय कोठे व ते उघडे केव्हा असते हे त्यास पाठ झाले होते. सकाळपासून कचेरी सुटेपर्यंत तो काही खात नसे. आतडे रिकामे असले की धोका कमी, असा त्याचा हिशेब. लवकर निघणे, उशिरा येणे, न जेवणे, वजन उतरणे हे पाहून त्याच्या मातोश्रींनी निराळाच तर्क केला आणि मुलीचे नाव काय, म्हणून त्यास खोदून विचारू लागल्या. चौदा महिने हे चालले. एके दिवशी जिन्यात भोवळ येऊन पडला, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७ निघाले. पुढे दुर्बिणीने आतडे पाहिल्यावर रोगाचे खरे नाव कळले.

त्या चौदा महिन्यांतील एकही दिवस आवश्यक नव्हता, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून लक्षणांविषयी थोडे विस्ताराने बोलू.

पहिले लक्षण रक्त. मूळव्याधीचे रक्त साधारणतः लालभडक असते, शौच झाल्यावर थेंबाथेंबाने किंवा धारेने पडते आणि मळापासून वेगळे दिसते. व्रणशोथात रक्त मळात व आवेत मिसळलेले असते. कधी नुसतीच रक्तमिश्रित आव पडते. दुसरे, घाई. कळ अकस्मात येते आणि वेळ देत नाही. तिसरे, आपण जाऊन येतो तरी पोट साफ झाल्याचे समाधान होत नाही, पुनः जावेसे वाटते, कुंथूनही हाती काही लागत नाही. गुदाशय सुजलेला असल्यामुळे तो भरल्याचा खोटा निरोप मेंदूस जात असतो. चौथे, आणि आमच्या मते सर्वांत बोलके, रात्रीचे उठणे. पोटाचे अनेक त्रास मनाच्या ताणाने होतात. परंतु ते बहुधा झोपलेल्या माणसास उठवीत नाहीत. झोपेतून उठून शौचास पळावे लागत असेल, तर आतड्यात काही खरोखरीचा बिघाड आहे असे समजून चालावे. याखेरीज डाव्या कुशीत मुरडा, ताप, भूक मंदावणे, वजन घटणे, रक्तक्षयामुळे येणारा थकवा ही लक्षणे रोगाच्या तीव्रतेनुसार कमीअधिक दिसतात. मुलांमध्ये कित्येकदा उंची वाढणे थांबते, आणि घरच्यांचे लक्ष त्या गोष्टीकडेच प्रथम जाते.

गंमत अशी की, रोग गुदाशयापुरता असला तर जुलाब होण्याऐवजी वरच्या भागात मळ अडकतो. मग रोगी बद्धकोष्ठाची तक्रार करतो, रेचक घेतो, आणि रक्त पडते ते कुंथल्यामुळेच, असे मानून स्वस्थ बसतो.

रोग आतड्याचा असला तरी त्याच्या खुणा शरीरात अन्यत्रही उमटतात. गुडघे व घोटे दुखणे, डोळा लाल होऊन प्रकाश सहन न होणे, नडगीवर तांबड्या दुखऱ्या गाठी येणे, तोंड येणे. क्वचित यकृतातील पित्तनलिका आक्रसणे. डोळ्याच्या वैद्याकडे गेलेल्या माणसास शौचाविषयी सांगण्याचे सुचत नाही, हे स्वाभाविक आहे. तथापि सांगावे.

आपल्या प्रांतात या रोगाचे निदान लांबण्यास आणखी एक कारण आहे, ते म्हणजे आमांश. खाडीकाठच्या या गावांत शेत, मिठागर आणि विहिरीचे पाणी यांवर आयुष्य काढलेल्या वडील मंडळींना रक्ती आव अपरिचित नाही. पावसाळ्यात कोणाला तरी ती व्हायचीच, आणि पारसिकच्या डोंगरातून आणलेल्या कुड्याच्या सालीचा काढा घरोघर व्हायचा. ती साल निरर्थक नव्हे. आयुर्वेदाने कुटजास अतिसारावर मानाचे स्थान दिले आहे, आणि चरकसंहितेतील अतिसाराच्या प्रकरणात रक्तातिसाराचे स्वतंत्र वर्णन आहे. परंतु अमीबा नामक जंतूपासून होणारा आमांश निराळा आणि हा रोग निराळा. आमांश दूषित अन्नपाण्यातून येतो व योग्य औषधाने थोड्या दिवसांत जातो. व्रणशोथ संसर्गजन्य नाही. तो एका ताटात जेवल्याने होत नाही, आणि आमांशाच्या औषधाने बरा होत नाही. आमांशाच्या औषधाचा पूर्ण क्रम होऊनही रक्त थांबत नसेल, किंवा दोन-तीन आठवडे रक्त पडतच राहिले असेल, तर तेच औषध तिसऱ्यांदा घेण्यात अर्थ नाही. उलट बाजूचा धोकाही ध्यानात ठेवावा. अमीबाचा आमांश असताना व्रणशोथ समजून स्टेरॉइड दिले, तर आतडे फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. यास्तव मळाची तपासणी, रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीने आतडे पाहून अस्तराचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हा क्रम टाळू नये. क्षयरोगही आतड्यास होतो. तोही या तपासणीत वगळावा लागतो. अलीकडे मळातील कॅलप्रोटेक्टिन नावाचे द्रव्य मोजता येते. ते वाढलेले असेल तर आतड्यात दाह आहे असे कळते, आणि प्रत्येक वेळी दुर्बीण घालण्याचे वाचते.

दुर्बिणीचे नाव काढताच मंडळी कचरतात. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध पुष्कळ पाण्यातून प्यावे लागते. खरा कंटाळा तेवढाच. तपासणीच्या वेळी गुंगीचे औषध देतात. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के. ई. एम., भायखळ्याचे जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत पचनसंस्थेच्या विकारांचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि कुर्ल्यास गाडी बदलली की पहिली दोन येथून फार दूर नाहीत.

हा रोग नवा नव्हे. लंडनचे डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली आमांशाहून वेगळा असा आतड्याचा व्रणविकार म्हणून त्याची नोंद केली. आपल्या देशात मात्र तो विरळा, गोऱ्या लोकांचा रोग, असा समज दीर्घकाळ होता. पंजाबातील लुधियाना येथील डॉक्टरांनी घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची पाहणी केली, तेव्हा त्यांत २३ रुग्ण आढळले. म्हणजे लाखास सुमारे ४४. हा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. पंजाबचे प्रमाण येथे जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. पण लावलेच, तर २०११ च्या जनगणनेतील नवी मुंबईच्या ११ लाखांवर वस्तीत पाचशेच्या आसपास रुग्ण भरतील. ते सारे कोठे आहेत? काही रुग्णालयांत, आणि काही, आमच्या तरुणाप्रमाणे, स्थानकांची शौचालये पाठ करीत.

कारणांविषयी थोडक्यात. आतड्यातील असंख्य निरुपद्रवी जंतूंशी शरीराची संरक्षक शक्ती एरवी सलोख्याने राहते. या रोगात ती बिथरते आणि स्वतःच्याच अस्तरावर चालून जाते. थोडी प्रकृती वडिलार्जित असते, थोडे वातावरणाचे. जेथे जेथे गावांची शहरे झाली तेथे तेथे हा रोग वाढला, असे जगभर दिसून आले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोहमार्ग आला, आणि भातखाचरांच्या जागी आपण आज बसलो आहो ते नगर उभे राहिले. पाणी स्वच्छ झाले, आमांश मागे पडला, आणि नव्या प्रकारच्या दुखण्यांना वाट झाली. म्हणून कोणी विहिरीच्या पाण्याकडे परत जाऊ नये, एवढी विनंती! मिरची खाल्ल्याने, रागीट स्वभावाने वा कोणाच्या दृष्टीने हा रोग होत नाही. मनःस्तापाने असलेला रोग उसळू शकतो, एवढे मात्र खरे.

उपचारांचा इतिहास मनोरंजक आहे. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या विदुषींनी सांधेदुखीसाठी सल्फासॅलॅझीन हे औषध तयार करविले, आणि १९४० च्या सुमारास ते या आतड्याच्या रोगावर गुणकारी असल्याचे त्यांना आढळले. नाव मराठी कानांस पुरुषी वाटले तरी त्या स्त्री होत्या, आणि १९३७ साली त्यांच्या देशातील सरकारी विद्यापीठात प्राध्यापकपद मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री. आपल्या मुलींच्या माहितीसाठी हे मुद्दाम सांगितले. त्या औषधातील गुणकारी भाग म्हणजे मेसालामीन. तोच आज सौम्य व मध्यम रोगात मुख्य आधार आहे. रोग खालच्या भागापुरता असेल, तर गोळ्यांहून गुदद्वारातून घालावयाची वर्ती किंवा एनिमा अधिक उपयोगी पडतो, कारण औषध थेट दुखऱ्या जागी पोहोचते. आमचे रोगी गोळ्या मूठभर घेतील, पण वर्ती म्हटली की मान फिरवतात. ज्या देशात बस्तीचा उपचार शास्त्र म्हणून मान्य झाला, त्या देशात ही लाज कोठून आली कळत नाही.

तीव्र रोगात स्टेरॉइड द्यावे लागते. ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली कॉर्टिसोनचा पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केला, आणि ज्या तीव्र झटक्यात पूर्वी माणसे दगावत ती वाचू लागली. परंतु स्टेरॉइड ही आग विझविण्याची वस्तू आहे, रोज वापरण्याची नव्हे. महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. एकाएकी बंद केल्यास निराळे संकट ओढवते. नाव नसलेल्या पुड्यांनी ज्यांना दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, त्यांनी त्या पुडीत काय आहे हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर पुडी घेऊ नये. याहून पुढच्या पायरीस अझाथायोप्रीन आहे. त्यात रक्तपेशी वारंवार तपासाव्या लागतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखी शिरेतून द्यावयाची औषधे आहेत. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोग लपून बसलेला नाही ना, हे आपल्या देशात विशेषेकरून पाहावे लागते.

सर्वांत कठीण भाग औषध सुरू करण्याचा नसून ते चालू ठेवण्याचा आहे. हा रोग येतो, ओसरतो, पुनः येतो. ओसरला की रोगी म्हणतो, आता मला काय झाले आहे? आणि गोळ्या फडताळात जातात. काही महिन्यांनी रक्त परत दिसते. शांत काळातील गोळी ही शांतता टिकविण्यासाठीच असते. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनीही रोग उसळू शकतो.

आता धोक्याची खूण. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच होत असून सोबत ताप असेल, नाडी ९० च्या वर असेल, किंवा रक्त बरेच उतरले असेल, तर तो तीव्र झटका समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोट फुगून ताठ झाले तर क्षणाचाही विलंब नको. अशा वेळी जुलाब थांबविण्याची गोळी घरच्या घरी देणे फार धोक्याचे. आतडे फुगून फुटू शकते.

आहाराविषयी घरोघर जे चालते ते पाहून खेद होतो. रोगाचे नाव कळताच घरचे लोक दूध बंद करतात, मासळी बंद करतात, भाजी बंद करतात, आणि आधीच अशक्त झालेला मुलगा वरणपाण्यावर ठेवतात. झटक्याच्या काळात मऊ भात, पेज, ताक, शिजवून घोटलेली भाजी, अंडे, साधी मासळी असा हलका आहार द्यावा; साल, बिया, कच्चे सॅलड तेवढ्यापुरते टाळावे. दूध ज्यास बाधते त्यानेच सोडावे. झटका ओसरला की नेहमीचे जेवण. उपवास करू नयेत.

औषधांनी रोग आटोक्यात न आल्यास, किंवा कर्करोगाची चिन्हे दिसल्यास, मोठे आतडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी लहान आतड्याचीच पिशवी शिवून ती गुदद्वारास जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून पुष्कळांना पोटावर कायमची पिशवी बाळगण्याची गरज उरली नाही. ज्यांना ती बाळगावी लागते तेही कामधंदा करतात, प्रवास करतात, आणि अंगावरील सदऱ्यामुळे कोणास कळतही नाही. कर्करोगाविषयी इतकेच, की रोग गुदाशयापलीकडे पसरलेला असेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी आणि पुढे वैद्य सांगतील त्या अंतराने ती चालू ठेवावी.

या रोगाने माणूस कायमचा निकामी होतो काय? जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तारुण्यापासून हाच रोग होता. २००७ साली प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडले. नव्या औषधाने गुण येऊन २०१२ साली ते पुनः पंतप्रधान झाले, आणि २०२० साली रोग उलटल्यामुळे पायउतार होईपर्यंत त्या देशात सर्वाधिक काळ त्या पदावर राहिलेले गृहस्थ ठरले. रोगाचे नाव त्यांनी स्वतः जगास सांगितले होते.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही मुख्यतः येथे उभे आहो त्याकडे वळतो. आपल्या मंडळाच्या वधूवरसूचक वहीत आरोग्याचा एक रकाना आहे आणि त्यात सर्वत्र ‘उत्तम’ असे लिहिलेले असते. वर सांगितलेल्या तरुणाचे लग्न ठरत असताना त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले, ‘सांगावे की न सांगावे?’ आम्ही सांगा म्हटले. त्यांनी सांगितले, आणि ते स्थळ मोडले. त्या घराविषयी आम्हांस राग नाही. त्यांना रोगाचे नाव कळले, रोग कळला नाही. पुढे दुसऱ्या एका घरच्या मंडळींनी आमच्याकडे येऊन तासभर प्रश्न विचारले. संसर्ग होतो काय? नाही. मुले होतील काय? होतील, सल्फासॅलॅझीनने पुरुषाची बीजशक्ती काही काळ उणावते, परंतु औषध बदलले की ती परत येते. मुलांना होईल काय? इतरांहून शक्यता किंचित अधिक, पण बहुसंख्य मुले निरोगीच राहतात. मुलीस हा रोग असता तर बाळंतपण झेपेल काय? रोग शांत असताना दिवस राहिले, तर बहुतेकींचे सर्व सुरळीत पार पडते. फक्त औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. ती मंडळी उठताना म्हणाली, ‘मुलगा लपवीत नाही, हे आम्हांला पुरे.’ लग्न झाले. ज्या घरात लपविले जाते तेथे सून किंवा जावई औषधे चोरून घेतो, मग घेत नाही, आणि पहिल्याच झटक्यात रोगाबरोबर फसवणूकही उघडी पडते. कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी, की तो रकाना काढून टाकावा, आणि पसंती झाल्यावर दोन्ही घरांनी आपापली दुखणी समोरासमोर सांगण्याची रीत पाडावी.

व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे छापण्यासाठी येथे जोडतो. एका भगिनीने हळदीविषयी विचारले. हळदीतील कर्क्युमिन मेसालामीनच्या जोडीस दिल्याने काहींना लाभ झाल्याचे काही प्रयोगांत दिसले, सर्व प्रयोगांत नाही. स्वयंपाकातील हळद खुशाल खावी. औषधाच्या जागी हळद ठेवू नये.

दुसरा प्रश्न एका शाळकरी मुलीच्या वडिलांचा होता. वर्ग चालू असता तिला उठू देत नाहीत. त्यांनी वैद्यांचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांस भेटावे आणि एवढेच मागावे : दाराजवळचे बाक, न विचारता उठण्याची मुभा, आणि दप्तरात एक जादा पोशाख. पत्राचा मसुदा आम्ही लिहून देऊ.